ग्रामसभेचे कारभारी घडवताना : आदिवासी गावात नेतृत्वाचं प्रशिक्षण कसं घ्यावं

मी घेतलेलं पहिलं प्रशिक्षण मला अजून टोचतं. तालुक्याचं ठिकाण, भाड्याचा हॉल, 40 जण, 2 दिवस, पडद्यावर कायद्याची कलमं, दुपारी वरण-भात, शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. पुढच्या उन्हाळ्यात त्या फोटोतला सगळ्यात हुशार पोरगा एका तेंदूपानांच्या ठेकेदाराचा दिवाणजी झालेला दिसला. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याला तोंडपाठ होता. तो त्याने ठेकेदाराला समजावून सांगितला, गावाला नाही. त्यात त्याची फार चूक होती असं आज वाटत नाही. आम्ही 40 गावांतून एकेक माणूस उचलला आणि त्याला गावापासून वेगळं केलं, एवढंच आमच्या हातून झालं होतं.

तेव्हापासून मी एक धरून चाललो आहे : शिकवायचं ते गावाच्या बैठकीला. माणसं शिकतात ती त्या बैठकीच्या निमित्ताने. खालची मांडणी त्याच समजुतीतून आली आहे. ती गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांना धरून लिहिली आहे. पालघरच्या वारली पाड्यांत किंवा मेळघाटातल्या कोरकू गावांत वापरायची तर नावं आणि सण बदलतील, क्रम बहुतेक तोच राहील.

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी तपासा

गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली घोषित झालेल्या आदिवासी भागात येतं का? महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते तालुक्याच्या काही भागापुरतंच आहे. त्यामुळे शेजारच्या गावाला पेसा लागू म्हणून आपल्यालाही असेल, असं गृहीत धरू नका. तहसीलमधून यादी पाहून घ्या. दुसरं, टोला किंवा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित झाला आहे, की अजून गटग्रामपंचायतीच्या मोठ्या सभेतच बसतो? तिसरं, सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्काचा, दाखला मिळाला आहे का? मिळाला असेल तर तो कोणाच्या घरी आहे? दाखला गावाच्या नावाने असतो आणि कागद मात्र एखाद्याच्या पत्र्याच्या पेटीत गेलेला असतो, असं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत तो बाहेर काढायला सांगतो.

वेळही आधीच ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, एप्रिल-मेमध्ये तेंदू, जूनपासून शेती. या काळात शिबिर ठेवलं तर रिकामटेकडेच येतील. धानाची कापणी-मळणी उरकली की डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. महिन्यातून 3 दिवस, असे 3 टप्पे करा. मधल्या दिवसांत गावात करायचं काम द्या. सलग 9 दिवस घेतले तर बायका येणार नाहीत. मग तुम्ही शिबिराच्या अहवालात ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असं लिहाल, आणि ते खोटं असेल.

पहिली पायरी : माणसं गावाने निवडावीत

संस्थेने, ग्रामसेवकाने किंवा सरपंचाने नावं कळवली तर ती घेऊ नका. ग्रामसभेत ठराव करून 4 जण निवडून पाठवायला सांगा : 2 बाया, 2 पुरुष. कोरची तालुक्यातल्या महाग्रामसभेनेही आपल्या सभासद ग्रामसभांचं प्रतिनिधित्व असंच बांधलं आहे, आणि तिथे बायकांचा आवाज वाढण्यामागे ही बरोबरीची संख्या आहे. चौघांत एक जण तरी रूढी-रिवाज जाणणारा वयस्क हवा आणि एकाला लिहिता-वाचता यायला हवं. चौघांनाही लिहिता यायला पाहिजे अशी अट घातली, तर ज्यांच्याकडे गावाचं ज्ञान आहे तेच बाहेर राहतात.

ठरावात आणखी एक ओळ घाला : हे चौघे परत आल्यावर पुढच्या सभेत काय शिकले ते सांगतील. ही ओळ नसेल तर शिकलेलं त्यांच्या खिशातच राहतं.

दुसरी पायरी : गावात आज निर्णय कोण घेतं, हे मांडून पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पहिल्या टप्प्याचे जवळजवळ 2 दिवस यावरच घालवतो आणि कायद्याचं पुस्तक पिशवीतून काढतही नाही.

मोठ्या कागदावर किंवा सारवलेल्या अंगणात खडूने तीन रकाने करा. पहिल्यात गेल्या वर्षभरात गावात झालेले निर्णय, दुसऱ्यात तो कोणी घेतला, तिसऱ्यात तो कोणाला सांगितला. सुरुवातीला लोक घरकुल, रस्ता, बोअरवेल असंच सांगतात, कारण बाहेरचा माणूस तेच विचारायला येतो असा त्यांचा अनुभव असतो. थोडं थांबा. मग विचारा, यंदा आंबा कधी खायचा हे कोणी ठरवलं?

इथे गोष्ट उलगडते. गोंड गावांत मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा खात नाहीत, आणि पेरणीआधी बीज पंडुम होतो. दिवस कोणता, पूजा कोण करणार, कोणाच्या घरून काय येणार, हे सगळं ठरलेलं असतं. गायता किंवा भूमिया (गावाचा पुजारी) आपली जबाबदारी पार पाडतो आणि अख्खं गाव ते मानतं. कोणी मोडलं तर काय करायचं तेही ठाऊक असतं. कच्ची कैरी ओरबाडली जात नाही, फळ धरतं, पिकतं. म्हणजे जंगलाच्या वापराचा नियम आहे, तो राबवणारी यंत्रणा आहे आणि त्याला गावाची मान्यताही आहे. याला राज्यकारभार म्हणतात हे गावाला कोणी सांगितलेलं नसतं. सणाच्या नावाखाली तो लपून गेलेला असतो.

वारली पाड्यावर हाच प्रश्न लग्नाबद्दल विचारा. धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि धवलेरी ही बाई असते. एका बाजूला गावातला इतका मोठा विधी बाईच्या हातात, दुसऱ्या बाजूला ग्रामसभेत बाया भिंतीला टेकून गप्प. हे दोन्ही एकाच कागदावर आलं की वर्गात जी कुजबूज सुरू होते, तिला मध्येच थांबवू नका.

रकाने भरले की चौघांना रंगीत खडू द्या. परंपरेने ठरणारे निर्णय एका रंगाने, पंचायतीतून येणारे दुसऱ्या, आणि बाहेरचा माणूस परस्पर घेतो ते तिसऱ्या. बहुतेक गावांत तिसऱ्या रंगाखाली जंगलाचा पैसा येतो. पुढचं प्रशिक्षण कशासाठी, हे मग तुम्हाला बोलून दाखवावं लागत नाही.

तिसरी पायरी : कायदा थोडा, पण शब्दाशब्दाने

चार गोष्टी पुरतात : संविधानाची पाचवी अनुसूची, 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा त्याच्या नियमांसह, आणि महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम. यातही सगळं वाचायचं नाही.

पेसाच्या कलम 4 मधले पहिले चार खंड मोठ्याने वाचा. एक वाक्य वाचायचं, गावातल्याच कोणीतरी ते गोंडीत सांगायचं, मग दुसऱ्याने ‘असं नाही, असं’ म्हणत दुरुस्त करायचं. खंड (ब) मध्ये गाव म्हणजे काय ते दिलं आहे : वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज राहतो आणि आपल्या परंपरा व रूढींप्रमाणे आपला कारभार चालवतो. महसुली नोंद, खातेफोड यातलं काही तिथे नाही. खंड (ड) म्हणतो की लोकांच्या परंपरा व रूढी, त्यांची सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची रूढ पद्धत यांचं रक्षण व जतन करायला प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे. हे वाक्य 3-4 वेळा वाचून घ्या आणि मागच्या पायरीतला रंगवलेला कागद शेजारी ठेवा. मरका पंडुमचा दिवस ठरवणारी बैठक आणि कायद्यातली सक्षम ग्रामसभा एकच आहे, हे तेव्हा कोणाच्या तरी तोंडून येतंच.

वनहक्क कायद्यातलं कलम 3(1)(झ) सामूहिक वनसंपत्तीचं आहे : तिचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. इंग्रजी प्रतीत हाच खंड ‘आय’ अक्षराखाली येतो. अर्ज भरताना अक्षरांचा गोंधळ होतो म्हणून दोन्ही दाखवा. कलम 5 मध्ये अधिवास आणि सांस्कृतिक-नैसर्गिक वारसा जपण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत.

हे कागदावरच राहतं का, असं कोणीतरी विचारणारच. तेव्हा नियमगिरीची गोष्ट सांगा. ओडिशात बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध डोंगरिया कोंध लोकांचा लढा चालू होता. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांनी विचारात घ्यावा. त्या पावसाळ्यात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या 12 गावांच्या सभा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली झाल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. डोंगर हा आमचा देव नियमराजा आहे, हे म्हणणं तिथे सरकारी नोंदीत आलं. ही गोष्ट मी नेहमी सभेच्या अंगाने सांगतो : हजेरी कशी घेतली, कोण काय बोललं, ते कसं लिहिलं गेलं. नाहीतर लोक ती शूरांची कथा म्हणून ऐकतात आणि घरी जातात.

चौथी पायरी : अभ्यास गट वेगळा, ग्रामसभा वेगळी

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे जे उभं राहिलं, त्यातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उचलली गेलेली गोष्ट म्हणजे अभ्यास गट. त्यात गावकरी असतात, बाहेरचे जाणकारही येऊ शकतात. विषय खोलवर समजून घ्यायचा, वाद घालायचा, माहिती गोळा करायची. पण निर्णय तिथे करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने, आणि तिथे बाहेरच्याचा हात चालत नाही. 2009 मध्ये 1800 हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हातात घेणारं गाव त्याआधी कित्येक वर्षं असं बसून अभ्यास करत होतं.

तुमच्या चौघांना पहिलं काम हेच द्या : महिन्यातून दोनदा अभ्यास गट बसवायचा. सुरुवातीचे विषय छोटे असू द्या. आपल्या जंगलाची शीव कुठून कुठे जाते? गेल्या हंगामात तेंदूचे किती पुडे गेले, दर काय मिळाला आणि शेजारच्या गावाला काय मिळाला? बोलावल्याशिवाय तुम्ही जाऊ नका. प्रशिक्षक बसला की सगळे त्याच्याकडे बघून बोलतात.

पाचवी पायरी : सभा चालवण्याचा सराव

वनहक्काच्या कामासाठीच्या सभेला, 2012 च्या सुधारणेनंतर, एकूण सभासदांपैकी निम्मे हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. गावात 180 सभासद असतील तर 90 हजर, आणि त्यांत 30 बाया. हे गणित पोरांकडून करून घ्या, कारण दावे फेटाळताना याच जागेवर बोट ठेवलं जातं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्याच्या पंचायत कायद्यात आहे. ती कागदोपत्री उरकू नका. त्या सभेतला एक विषय आणि एक म्हणणं मोठ्या सभेत बाईनेच मांडायचं, एवढा एक नियम पाळला तरी फरक पडतो.

सर्वसहमतीचा सराव खोट्या विषयावर करू नका. गावातला खरा पण फार न पेटलेला विषय घ्या, जसं चराईसाठी जंगलाचा कोणता कंपार्टमेंट (आखलेला तुकडा) बंद ठेवायचा. एकाला विरोध करायला बसवा. मग सभा चालवणाऱ्याने पाहायचं की विरोध करणारा गप्प झाला, की त्याला पटलं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे आपल्या गावांना नीट ठाऊक आहे. सभेत मात्र घाईने टाळ्या वाजतात. सहमती होत नसेल तर विषय पुढच्या सभेवर ढकला आणि तसं नोंदवहीत लिहा.

लिहिण्याचा साचा साधा ठेवा :

‘दिनांक … रोजी मौजा … येथे ग्रामसभा भरली. एकूण सभासद …, हजर बाया …, हजर पुरुष …. विषय : …. चर्चेत आलेली मतं : …. ठराव : सर्वसहमतीने ठरलं की …. काम कोणाकडे : …. कधीपर्यंत : ….’

कार्यालयात सूचक-अनुमोदक मागतात. सर्वसहमतीत त्यांना काही अर्थ नाही, पण त्या एका ओळीवरून कागद परत येऊ नये म्हणून लिहून टाका. सही-अंगठा ठराव मोठ्याने वाचून दाखवल्यावरच घ्यायचा. कोऱ्या पानावर आधी सह्या घेणारा कोणीही असो, ग्रामसेवक असो की आपला कार्यकर्ता, त्या दिवशी नोंदवही बंद करायची.

सहावी पायरी : रूढी लिहाव्यात का?

इथे मी सावध आहे. ‘गावाच्या रूढी-परंपरांचं दस्तावेजीकरण’ हा शब्द हल्ली प्रत्येक प्रकल्पात असतो. पण रूढी लिहिली की ती गोठते. काल गायत्याने परिस्थिती बघून जे सोडून दिलं असतं, ते उद्या कोणीतरी वहीतलं पान उघडून दंडासाठी वापरतो. म्हणून मी तीन ढीग करायला सांगतो.

पहिला ढीग, बाहेरच्यांना दाखवण्यासाठी लिहायचं ते : जंगलाची शीव, देवस्थानांच्या जागा आवश्यक तेवढ्याच, सणांचा काळ, कोणतं झाड कधी तोडत नाहीत. हे दाव्यात पुरावा म्हणून चालतं आणि लोक जैवविविधता नोंदवहीतही येतं. दुसरा, गावासाठी लिहून गावातच ठेवायचं ते : वंशावळी, तंटे कसे मिटले, औषधी वनस्पतींची माहिती. पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक बौद्धिक हक्क वनहक्क कायद्याने मान्य केला आहे, पण एकदा फोटो काढून पाठवून दिलं की हक्क शाबूत राहूनही ज्ञान हातातून गेलेलं असतं. तिसरा ढीग न लिहिण्याचा. पेनाची (गोंडांच्या देवाची) काही गाणी, काही विधी. कोणतं कशात जाईल हे गावाने ठरवावं. तुम्ही त्या चर्चेत पाणी प्या आणि गप्प बसा.

यातूनच बाहेरच्यांसाठीचे नियम निघतात : संशोधक, चित्रीकरण करणारे, संग्रहालयवाले आले तर आधी कोणाला भेटायचं, ग्रामसभेची परवानगी कशी मागायची, पेनठाण्यावर कॅमेरा चालेल का, तयार झालेल्या वस्तूची प्रत गावाला कधी मिळेल. एका पानाच्या वर नको. हे पान आम्ही प्रशिक्षक म्हणून स्वतःला लागू करून घेतो आणि पहिल्याच दिवशी परवानगी मागतो. ती एकदा नाकारलीही गेली आहे.

रूढीच्या नावाखाली काय चालणार नाही, हेही याच ठिकाणी स्पष्ट बोला. तंटा मिटवण्याची रूढ पद्धत जपायची म्हणून एखाद्या घराचं पाणी-विस्तव बंद करता येत नाही. महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. जादूटोण्याच्या संशयावरून बाईला मारहाण करणं 2013 च्या कायद्याखाली येतं. बायकांच्या जमिनीच्या हक्काचा विषयही टाळू नका. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही म्हणून ‘आमच्यात मुलीला वाटा नाही’ असं सरसकट सांगितलं जातं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. वाटा नाकारणारी रूढी आहे हे समोरच्यांना सिद्धच करता आलं नव्हतं. हा विषय निघाला की पुरुषांना अचानक बिडी ओढायला बाहेर जायचं असतं. जाऊ द्या. आत राहिलेल्या बाया जे बोलतात ते लिहून घ्या आणि पुरुष परतल्यावर त्यांच्यापैकीच एकीला वाचायला सांगा.

सातवी पायरी : पैसा

यावर जास्त लिहीत नाही, कारण ते करूनच कळतं. ग्रामसभेचं स्वतंत्र बँक खातं, सह्या करणाऱ्यांत बाई, कीर्द, पावतीपुस्तक आणि फळीवरची (तेंदूपानं गोळा होतात त्या जागेवरची) रोजची नोंद. तेंदूचा पुडा 70 पानांचा. कोणी किती दिले ते त्याच संध्याकाळी फळीवर वाचून दाखवायचं. खुटकटाईपासून (हंगामाआधीच्या तेंदूच्या झुडपांच्या छाटणीपासून) बोनसपर्यंतचा सगळा हिशोब हंगामानंतरच्या सभेत आकड्याआकड्याने वाचायचा. चौघांपैकी ज्याच्याकडे हिशोब असेल, त्याच्या घरचं कोणी ठेकेदाराकडे कामाला असेल तर ते आधीच उघड सांगायचं. माझ्या त्या पहिल्या पोराच्या वेळी हा नियम असता तर बरं झालं असतं.

शेवटी परीक्षा

लेखी परीक्षा आणि प्रमाणपत्र मी बंद केलं आहे. तिसऱ्या टप्प्यानंतर दोनेक महिन्यांनी गावात जातो आणि एक खरी ग्रामसभा बघतो. अट एकच : त्या दिवशी प्रशिक्षण घेतलेल्या चौघांनी गोटुलच्या (गावाच्या सभाघराच्या) बाहेर बसायचं. आत सभा स्वतःच्या स्वतः हजेरी मोजते का, बायांचा विषय बाई मांडते का, ठराव वाचून दाखवल्यावरच अंगठे होतात का, हे पाहायचं.

मागे अशी एक सभा बांबूच्या मजुरीवर चालली होती. आत कोणीतरी दर चुकीचा सांगितला. बाहेर बसलेल्या चौघांतल्या पोराला राहवेना. तो उठला आणि खिडकीतून ओरडून बरोबर आकडा सांगू लागला. आतल्या म्हातारीने वळून त्याच्याकडे पाहिलं, कीर्द पुढे ओढून लिहिणाऱ्या मुलीसमोर ठेवली, आणि खिडकीची फळी लावून घेतली.